मलमाने न भरणारे कोडाचे डाग: लावत राहायचं की ग्राफ्टिंग करायचं?

प्रश्न एका भावाचा आहे. धाकट्या बहिणीचं वय २७. चार वर्षांपूर्वी पापणी, कपाळ, खालचा ओठ, एका पायाची नडगी आणि हाताच्या बोटांची टोकं इथे पांढरे डाग उठले. टॅक्रोलिमसचं मलम आणि लाइट थेरपी (त्वचेवर ठरावीक अतिनील किरण सोडणं) यांनी पापणी आणि कपाळ जवळजवळ भरून आलं. ओठ, नडगी आणि बोटं मात्र जशीच्या तशी आहेत. एक डॉक्टर म्हणतात, नवं मलम आलंय, ते लावून बघू. दुसरे म्हणतात, मलमांत आता वेळ घालवू नका, ग्राफ्टिंग करून टाका, म्हणजे निरोगी जागच्या रंगपेशी आणून डागावर बसवा. यातलं कोणाचं ऐकायचं? आणि ग्राफ्टिंग करूनही डाग परत आले तर?

आधी माझं मत सांगते, कारणं मागून देते. आजार गेलं वर्षभर खरोखर शांत असेल, तर नडगीच्या डागासाठी शस्त्रक्रियेचा विचार नक्की करावा. ओठासाठीही करता येईल, पण नडगीचा निकाल बघून. बोटांच्या टोकांना मात्र सगळ्यात शेवटी हात लावावा, आणि तोही फार मोठी अपेक्षा न ठेवता. एकाच माणसाच्या तीन डागांना तीन वेगळी उत्तरं आहेत. दोन डॉक्टरांचं म्हणणं परस्परविरोधी वाटतं, कारण एक जण बहुधा आजाराकडे बघून बोलतोय आणि दुसरा डागाकडे.

कोडात दोन गोष्टी एकापाठोपाठ घडतात. शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा त्वचेतल्या रंगपेशींवर हल्ला करते, त्यामुळे त्या पेशी मरतात आणि जागा पांढरी पडते. मलम, गोळ्या, लाइट थेरपी यांचं पहिलं काम हा हल्ला थोपवण्याचं. हल्ला थांबला तरी रंग आपोआप परत येत नाही. त्यासाठी नव्या रंगपेशी कुठून तरी यायला हव्यात, आणि त्यांचा मुख्य साठा असतो केसांच्या मुळाशी. थोडा रंग डागाच्या कडेकडूनही सरकत येतो, पण तो फार लांब जात नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं. मलम लागू पडायला लागलं की पांढऱ्या डागात मोहरीएवढे काळसर ठिपके उठतात. भिंगाखाली बघितलं तर बहुतेक ठिपक्यांच्या मधोमध एक केस असतो. हे ठिपके पसरत, एकमेकांना मिळत डाग भरत जातो. चेहऱ्यावर बारीक लव दाट असते, म्हणून पापणी आणि कपाळ भरलं. ओठाच्या लाल भागावर आणि बोटांच्या टोकांवर केसच नाहीत. नडगीवर केस असतात, पण तुम्ही लिहिलंय की त्या डागातले केसही पांढरे झालेत. म्हणजे मुळाशी असलेला साठा बहुतेक संपलाय. अशा जागी मलम वर्षानुवर्षं लावलं तरी रंग यायचा कुठून?

भातशेतीत बी नसलेल्या खाचरात कितीही पाणी सोडलं तरी रोप उगवत नाही, तरवा आणून लावणी करावी लागते. ग्राफ्टिंग म्हणजे ही लावणी. पण खाचरात डुकरं शिरत असताना लावणी करण्यात अर्थ नसतो, आधी कुंपण हवं.

आता नव्या मलमाबद्दल. रुक्सोलिटिनिब या मलमाला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जुलै २०२२ मध्ये कोडासाठी मान्यता दिली, १२ वर्षांवरच्या, शरीराच्या दोन्ही बाजूंना येणाऱ्या कोडाच्या रुग्णांसाठी. हल्ल्याचा संदेश पेशींपर्यंत पोचवणारी जी साखळी आहे, तिच्यातली एक कडी ते बंद पाडतं. आपल्याकडे याच कुळातल्या टोफासिटिनिबचं मलमही लिहून दिलं जातं. रुक्सोलिटिनिबच्या मोठ्या चाचण्यांत सहा महिन्यांच्या सुमारास साधारण ३० टक्के रुग्णांचा चेहऱ्यावरचा रंग तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त परत आला. नुसतं बिनऔषधी मलम लावणाऱ्यांत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. वर्षभर लावत राहिलेल्यांत ते निम्म्याच्या जवळ गेलं. ही चांगली बातमी आहे, आणि ज्यांचे चेहऱ्यावरचे डाग टॅक्रोलिमसला दाद देत नाहीत त्यांच्यासाठी मी हे मलम आनंदाने लिहीन. पण हे आकडे चेहऱ्याचे आहेत. हात आणि पाय याही मलमाला कमीच दाद देतात. औषध नवं असलं तरी पेशींचा साठा जुनाच आहे. त्यामुळे तुमच्या बहिणीच्या नडगीसाठी, जिथे केस पांढरे झालेत, महागडं नवं मलम घेऊन पुन्हा एक वर्ष वाट बघणं मला पटत नाही.

दुसरी बाजूही तितकीच ठामपणे सांगायला हवी. ‘हट्टी’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या डागांपैकी बरेच मुळात हट्टी नसतात, त्यांना उपचारच पुरा मिळालेला नसतो. ३११ नॅनोमीटरची लाइट थेरपी आठवड्यातून दोन-तीनदा, किमान सहा महिने घ्यावी लागते. ७२ बैठका होईपर्यंत ‘लाइटचा उपयोग नाही’ असं म्हणू नये, असं जाणकारांचं एकमत आहे. प्रत्यक्षात पंधरा-वीस बैठकांनंतर एसटीचं भाडं, रजा, घरची कामं यांत लोक थकतात आणि फाइलवर ‘फरक नाही’ अशी नोंद होते. मलमाचंही तसंच. टॅक्रोलिमस दिवसातून दोनदा लावायचं असतं, तीन-चार महिन्यांनी ठिपके दिसायला लागतात, आणि सोबत लाइट किंवा सकाळचं थोडं ऊन असेल तर ते जास्त चांगलं काम करतं. रात्री आठवण झाली तेव्हा बोटभर लावलं, याला मी उपचार म्हणणार नाही. स्टेरॉइडच्या मलमांचं उलट होतं. ती लोक स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षं लावतात. मग त्वचा पातळ होते, खालच्या शिरा दिसतात, आणि पापणीवर दीर्घकाळ लावल्यास डोळ्यातला दाब वाढण्याचा धोका असतो. मोमेटासोनसारखं मलम हातापायांवर, मोजके महिने, मधे खंड घेत वापरलं तर उपयोगी आहे. दुकानातून परस्पर आणून लावायची ती वस्तू नव्हे.

तेव्हा बहिणीची जुनी फाइल काढा आणि बैठका मोजा. नडगीला लाइट पूर्ण मिळाला होता का? चेहऱ्याच्या छोट्या दिव्याखाली बसवत असतील तर पायाला तो मिळालाच नसेल.

आणखी एक गोष्ट दवाखान्यात बऱ्याचदा विचारली जात नाही: त्या जागी घर्षण होतंय का? कोड असलेल्या त्वचेला सतत घासणं, दाबणं, खरचटणं सोसत नाही. तिथे नवा डाग उठतो किंवा जुना भरत नाही. परकराची नाडी घट्ट बांधल्याने कमरेभोवती पट्टा उठलेल्या कितीतरी बायका मी बघते. जोडव्यांखाली, पैंजणाच्या रेषेत, घड्याळाच्या पट्ट्याखाली, चपलेच्या अंगठ्यापाशी नेमका त्याच आकाराचा डाग असतो. बोटांच्या टोकांसाठी सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तारेची घासणी आणि भांड्यांचा साबण. एक शिवणकाम करणाऱ्या बाई दोन वर्षं औषध घेत होत्या, बाकी सगळं भरलं, उजव्या हाताच्या दोन बोटांचं भरेना. त्यांना सुई धरून दाखवायला सांगितलं. सुई जिथे टोचत होती, नेमकी तीच दोन पेरं. अंगुस्तान वापरायला लागल्यावर बोटं पूर्ण भरली नाहीत, पण डाग वाढायचा थांबला. हेही मी यशच मानते.

याच ओघात टिकलीचं सांगते. काही टिकल्यांच्या डिंकात आणि काही रबरी चपलांत अशी रसायनं असतात की ती रंगपेशींना थेट मारतात. कपाळाच्या बरोबर मधोमध गोल पांढरा डाग असेल तर आधी टिकली बंद. केस रंगवायच्या डायनेही असं होतं. तिथे वस्तू चालू ठेवून केलेला कुठलाही उपचार वाया जातो, ग्राफ्टिंगसुद्धा.

आता शस्त्रक्रियेकडे. ‘प्रोसिजर’ या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात, आणि जाहिरातींत त्या मुद्दाम मिसळलेल्या असतात. सुयांचा रोलर फिरवणं, फ्रॅक्शनल सीओटू लेझर मारणं, त्यावर फाइव्ह-एफयू हे औषध लावणं, स्वतःच्या रक्तातून काढलेला पीआरपी हा प्लेटलेटयुक्त द्रव टोचणं, या सगळ्यांत बाहेरून नव्या रंगपेशी येत नाहीत. त्वचेत सूक्ष्म वाटा उघडतात, औषध आत जातं, उरल्यासुरल्या पेशींना चालना मिळते. लाइट आणि मलमाच्या जोडीला लेझर दिल्याने नुसत्या मलम-लाइटपेक्षा बरा परिणाम मिळाल्याचे अभ्यास आहेत, हे मान्य. पण पांढऱ्या केसांच्या डागावर यातून चमत्कार होत नाही. शिवाय आजार जागा असेल तर प्रत्येक सुई ही एक इजाच असते. कोणी दहा बैठकांचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घ्या म्हणत असेल तर घेऊ नका. तीन-चार बैठकांत ठिपके उठले नाहीत तर पुढच्या सहांत ते उठतील याला आधार नाही.

खरी शस्त्रक्रिया ती, जिच्यात तुमच्याच मांडीवरच्या किंवा कमरेच्या निरोगी त्वचेतल्या रंगपेशी आणून पांढऱ्या जागी ठेवल्या जातात. पंच ग्राफ्टिंग सगळ्यात सोपं: एक ते दीड मिलिमीटरचे त्वचेचे गोल तुकडे काढून डागात केलेल्या खड्ड्यांत बसवायचे, प्रत्येक तुकड्याभोवती रंग काही मिलिमीटर पसरतो. खर्च कमी, पण जागा गोट्यागोट्यांसारखी उंचसखल दिसू शकते, म्हणून चेहऱ्यावर मी ते टाळते. निर्वात दाबाने मांडीवर फोड आणून त्याचं पातळ टरफल डागावर बसवणं ही पद्धत ओठ आणि पापणीसाठी उत्तम, कारण रंग एकसारखा येतो आणि दाता जागेवर, म्हणजे त्वचा जिथून घेतली तिथे, व्रणही फारसा राहत नाही. मोठ्या फोडाला दोन-तीन तास लागतात, आणि एका वेळी थोडीच जागा होते. अतिशय पातळ सलग त्वचा काढून लावण्याची पद्धत दिल्लीच्या डॉ. बेहल यांनी १९६४ मध्ये कोडासाठी मांडली होती. ती आजही भक्कम आहे, फक्त हात तयार हवा, नाहीतर ट्यूबच्या पंक्चरवर ठिगळ लावल्यागत दिसतं.

पेशींचं द्रावण करून पसरण्याची पद्धत नडगीसाठी मी निवडेन. मांडीवरून पातळ पापुद्रा काढतात, डागाच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक पंचमांश ते एक दशांश. तो ट्रिप्सिन या विकरात, शरीराच्या तापमानाला, तासाभरासाठी ठेवतात. मग चिमट्याने वरचा थर खालच्यापासून सुटा करतात, पेशी खरवडून घेतात, यंत्रात फिरवून तळाशी बसवतात. शेवटी नळीच्या टोकाला तपकिरी रंगाचा एक बारीकसा गोळा उरतो. तेवढ्यात तळहाताएवढा डाग भरण्याचं सामर्थ्य असतं. दरम्यान डागाचा वरचा थर घासून काढतात, टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब दिसेपर्यंत, त्यापेक्षा खोल नाही. त्यावर हे द्रावण सोडून वर कोलाजेनची पट्टी आणि ड्रेसिंग. हे सगळं जागा बधिर करून होतं, रुग्ण संध्याकाळी घरी जातो. पण आठवडाभर ड्रेसिंग हलता कामा नये. नडगीसाठी याचा अर्थ असा की त्या आठवड्यात जिना, दुचाकी, उकिडवं बसणं बंद. रंग तीन-चार आठवड्यांनी दिसायला लागतो, सुरुवातीला तो आजूबाजूपेक्षा गडद किंवा फिका असू शकतो, आणि जुळून यायला सहा महिने लागतात. महिनाभरातच ‘जमलं नाही’ म्हणून रडू नका आणि दिवाळीत लग्न आहे म्हणून दसऱ्याला शस्त्रक्रियाही करू नका.

रियाधमध्ये काम करताना डॉ. संजीव मुळेकर यांनी याच पद्धतीचा, एका बाजूच्या आणि एकाच ठिकाणच्या कोडावरचा पाच वर्षांपर्यंतचा पाठपुरावा २००४ मध्ये प्रसिद्ध केला, आणि रंग टिकतो का या शंकेला बरंचसं उत्तर मिळालं. प्रयोगशाळेची सोय नसलेल्या ठिकाणांसाठी जोधपूरच्या डॉक्टरांनी एक साधी वाट काढली आहे: मांडीवर प्रतिजैविक मलम लावून तिथली त्वचा घासायची, मलमात मिसळून आलेला कण-कण लगदा उचलायचा आणि डागावर पसरायचा. ना ट्रिप्सिन, ना फिरतं यंत्र. जिल्ह्याच्या ठिकाणी हे करणारा अनुभवी हात असेल तर केवळ स्वस्त म्हणून त्याला कमी लेखू नका.

यशाचं प्रमाण किती? जगभरच्या शस्त्रक्रियांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आठ हजारांहून जास्त रुग्णांचा. सगळ्या पद्धती मिळून निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांत ९० टक्क्यांवर रंग परत आला होता, आणि पाचांतल्या चौघांत निम्म्याहून जास्त. मलमांच्या आकड्यांशी हे थेट ताडून बघायचा मोह होतो, तो आवरा. शस्त्रक्रियेसाठी रुग्ण निवडून घेतलेले असतात: आजार शांत, डाग मोजके. मलमाच्या चाचण्यांत आजार जागा असलेलेही येतात. शिवाय त्याच आढाव्यात दिसलं की रुग्णाचं वय, कोडाचा प्रकार आणि शरीरावरची जागा यांनी निकाल बदलतो. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखं येणारं कोड शस्त्रक्रियेला फार छान दाद देतं. अशा मुलांना पाच-सहा वर्षं मलमं लावत बसवलेलं मी बघते तेव्हा वाईट वाटतं, कारण तो प्रकार बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपणहून स्थिरावतो, केस लवकर पांढरे होतात आणि मलमाची वेळ केव्हाच निघून गेलेली असते. याउलट ओठ आणि बोटांची टोकं एकत्र धरणारा प्रकार, जो तुमच्या बहिणीत थोडासा दिसतोय, सगळ्यात चिवट. बोटांना हालचाल थांबत नाही, पेशी रुजायला निवांतपणा मिळत नाही, आणि रुजल्या तरी रोजच्या इजेने पुन्हा जातात.

‘शांत’ कशाला म्हणायचं? भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत किमान एक वर्षाची अट आहे: नवा डाग नाही, जुना वाढलेला नाही, खरचटलेल्या जागी पांढरं झालेलं नाही. रुग्णाच्या आठवणीवर मी यात विसंबत नाही. दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, डागाशेजारी पट्टी धरून फोटो काढा. डागाच्या कडेला साबुदाण्यासारखे बारीक पांढरे ठिपके विखुरलेले दिसले, किंवा कडा धूसर, अर्धवट रंगाची झाली, तर आजार जागा आहे. तेव्हा कोणी उद्याची तारीख देत असेल तरी थांबा. हल्ला थोपवायला आठवड्यातून दोनच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देण्याची पद्धत दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचा यांनी रूढ केली. ती काही महिन्यांपुरती, रक्तदाब आणि साखर बघत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. सोबत थायरॉइडची तपासणीही करून घ्या, कोडाबरोबर त्याचा त्रास बऱ्याचदा सापडतो.

शंका असेल तर चाचणी ग्राफ्ट मागा. डागात चार-सहा छोटे पंच बसवून तीन महिने वाट बघायची. भोवती रंग पसरला तर पुढे जायचं. तुकडेच पांढरे पडले किंवा मांडीवरच्या दाता जागी कोड उठलं, तर मोठी शस्त्रक्रिया टळली. दोन डॉक्टरांच्या वादाचा निवाडा याहून प्रामाणिकपणे कुठलीही गोष्ट करू शकत नाही.

बावचीचं तेल लावून उन्हात बसायचा सल्ला तुमच्या मावशींनी दिल्याचं लिहिलंय. बावचीत सोरालेन असतं, त्याने रंग येऊ शकतो हे खरं, पण मात्रेवर ताबा राहत नाही, मोठे फोड येतात, आणि भाजलेल्या जागेभोवती डाग वाढतो. दही, लिंबू, मासे बंद करायलाही आधार नाही. मुलीच्या ताटातून एकेक पदार्थ काढून घेणं ही तिला दिलेली शिक्षा आहे. तिने काही गुन्हा केलेला नाही. आणि हे कुष्ठ नव्हे, संसर्गजन्य तर नाहीच, हे घरातल्या मोठ्यांना तुम्ही भाऊ म्हणून स्पष्ट सांगा.

शेवटी तुमचा दुसरा प्रश्न. हो, ग्राफ्टिंगनंतरही डाग परत येऊ शकतात, कारण शस्त्रक्रिया रंग आणते, हल्ल्याची सवय मोडत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर मलम सुटत नाही, त्याचं काम बदलतं. जखम भरल्यावर लाइट पुन्हा सुरू करतात, त्याने पेशी पसरायला मदत होते. पूर्ण भरलेल्या डागांवर टॅक्रोलिमस आठवड्यातून दोनदा लावत राहायचं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका अभ्यासात, आधी उपचारांनी भरलेल्या डागांवर असं सहा महिने केलं, तेव्हा डाग परत येण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत खाली आलं. बहिणीच्या पापणी आणि कपाळासाठी हे आजपासूनच सुरू करता येईल, त्यासाठी नडगीचा निर्णय व्हायची गरज नाही. पुढच्या भेटीला जाताना जुनी फाइल, लाइटच्या बैठकांची संख्या, सहा महिन्यांचे फोटो आणि तिच्या रोजच्या चपला घेऊन जा. आणि कोणता डाग आधी घ्यायचा हे डॉक्टरांनी तुम्हाला नाही, तिला विचारावं. नडगी साडीखाली झाकली जाते, ओठ झाकला जात नाही. तिने ओठाला पहिला मान दिला तर चाचणी ग्राफ्ट ओठाच्या कडेलाच करून बघावा.